ख्रिस्ती उपदेशकलेचे जुने ग्रंथ जमवताना

रविवार तोंडावर आलेला, शास्त्रपाठ समोर उघडा, आणि सुरुवातीचे वाक्य काही केल्या सुचत नाही. उपदेश कसा रचावा आणि कसा द्यावा हे शिकवणारी ख्रिस्ती पुस्तके अशाच वेळी उघडली जात. ती शोभेची नव्हती. हाताळून झिजली, मेणाच्या थेंबांनी डागाळली, समासात शाईने भरली, आणि नवी आवृत्ती आली की अडगळीतही गेली. त्यामुळे हा संग्रह करणाऱ्याला थोडे वेगळे नियम लावावे लागतात. माझे मत आधीच सांगून टाकतो: मजकूर शेवटच्या पानापर्यंत पूर्ण असलाच पाहिजे, पण प्रत कोरी करकरीत असण्याचा आग्रह सोडा. ज्या प्रतीत कुणा उपदेशकाने चार ठिकाणी रेघा मारून वाद घातला आहे, ती प्रत मी स्वच्छ प्रतीच्या आधी उचलतो.

पुढे पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. पण खरेदीची घाई झाली असेल तर चौथी पायरी वाचल्याशिवाय पाकीट उघडू नका.

पहिली पायरी: कुंपण घालून घ्या

छापील उपदेशांचे संग्रह आणि उपदेश कसा करावा हे शिकवणारे ग्रंथ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला प्रकार म्हणजे समुद्र. गियेर्मुस पारिसिएन्सिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संकलकाची शास्त्रपाठांवरची टीका १५०० सालापूर्वीच शंभराहून अधिक वेळा छापली गेली होती. योहान्नेस हेरोल्ट या डोमिनिकन (एक कॅथलिक धर्मसंघ) उपदेशकाचे तयार उपदेशही असेच पुन्हा पुन्हा छापले जात. या सगळ्याच्या मागे लागलात तर घरात जागा उरणार नाही आणि संग्रहाला चेहराही येणार नाही. दुसरा प्रकार, म्हणजे उपदेशशास्त्राचे ग्रंथ, आवाक्यातला आहे. हा लेख मुख्यत्वे त्याबद्दल आहे.

त्यातही आणखी कुंपण हवेच. कुणी एका शतकापुरते जमवतो, कुणी एका परंपरेपुरते: फक्त प्युरिटन (इंग्लंडमधले कडक प्रोटेस्टंट), फक्त जेझुइट (एक कॅथलिक धर्मसंघ), फक्त फ्रेंच. मला सर्वांत जास्त शिकवून गेलेली पद्धत म्हणजे एकच ग्रंथ घेऊन त्याच्या आवृत्त्यांचा माग काढणे. रिचर्ड बॅक्स्टरचे ‘द रिफॉर्म्ड पास्टर’ घ्या. ते १६५६ मध्ये लंडनला छापले गेले तेव्हा त्याच्या शीर्षकपानावर ‘गिल्डास साल्व्हियानुस’ हे नाव ठळक होते. आज बहुतेकांच्या वाचनात आहे ती मात्र विल्यम ब्राउन यांनी १८२९ मध्ये संक्षिप्त केलेली संहिता. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. त्या काळातले मंडळ्यांमधले वाद, भांडणे, टोचणाऱ्या कबुल्या यांना कात्री लागली आहे आणि सर्व काळांना चालेल असे गुळगुळीत पुस्तक हाती आले आहे. पहिली आवृत्ती का हवी, याचे इतके सरळ उत्तर क्वचितच मिळते. तिथे मजकूरच वेगळा आहे.

उलट, मजकूर अक्षरशः तोच असेल तर केवळ ‘पहिली’ या शब्दासाठी अनेक पटींनी पैसे मोजण्यात मला अर्थ वाटत नाही. हे मत सगळ्या संग्राहकांना पटत नाही, हेही खरे.

दुसरी पायरी: नकाशा डोक्यात ठेवा

विक्रेत्याच्या यादीतली चारशे नावे वाचताना डोळा नेमका कुठे थांबला पाहिजे, हे आधीच्या अभ्यासाने ठरते. म्हणून काही खुणेचे दगड.

आरंभ प्राचीन चर्चचा बिशप आणि विचारवंत ऑगस्टिन याच्यापासून. त्याच्या ‘दे दोक्त्रिना क्रिस्तियाना’ या ग्रंथाचा चौथा भाग उपदेशकाच्या वाणीबद्दल आहे. रोमन वक्ता सिसेरो याने वक्त्याला नेमून दिलेली तीन कामे, शिकवणे, रिझवणे आणि मन हलवणे, त्याने तिथे उपदेशकाच्या पदरात घातली. पहिले भाग त्याने ३९६ च्या सुमारास हाती घेतले आणि चौथा भाग पुरा केला तो थेट ४२६–४२७ च्या सुमारास. हा चौथा भाग तेवढाच वेगळा काढून स्ट्रासबुर्गच्या योहान्नेस मेंटेलिनने १४६६ च्या आसपास ‘दे आर्ते प्रेदिकांदी’ या नावाने छापला. गुटेनबर्गचे बायबल बाहेर पडून तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षे झाली होती. माइन्झला योहान फुस्टनेही लगोलग तेच पुस्तक काढले. या छोट्या पुस्तकाला वर्णानुक्रमे सूची जोडलेली आहे आणि छापील सूचींमध्ये ती अगदी सुरुवातीच्या मानली जाते. रविवारच्या तयारीत असलेल्या माणसाला हवी ती जागा पटकन सापडावी, एवढाच तिचा हेतू. ही प्रत आपल्या कपाटात येण्याची शक्यता धरू नका. मोठ्या ग्रंथालयात जाऊन मात्र जरूर पाहा.

मध्ययुगातली ‘आर्स प्रेदिकांदी’ (उपदेशकला) ही परंपरा, बाराव्या शतकातला अलाँ द लील किंवा तेराव्या शतकातला डोमिनिकन संघाचा प्रमुख हंबर्ट, बहुतांशी हस्तलिखितांत राहिली आणि छापील रूपात उशिरा आली. सोळाव्या शतकाच्या तोंडावर मात्र रांग लागते. बाझेलच्या योहान उलरिख सुरगांटचे पाळकांसाठीचे हस्तपुस्तक १५०३ चे, तर हिब्रूचा पंडित रॉयक्लिन याचे उपदेशकलेवरचे छोटे पुस्तक १५०४ चे, फोर्झहाइमला छापलेले. त्यानंतर येतो डच पंडित इरास्मस याचा ‘एक्लेसियास्तेस’ (उपदेशक). बाझेलच्या फ्रोबेन छापखान्यातून तो १५३५ मध्ये, म्हणजे इरास्मसच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, बाहेर पडला. जाडजूड, पसरट आणि विलक्षण हुशार पुस्तक. संग्राहकाच्या दृष्टीने त्यात एक जादा गंमत आहे. १५५९ च्या पोपच्या निषिद्ध ग्रंथसूचीत इरास्मसचे सगळे लेखन घातले गेले. त्यामुळे कॅथलिक मठांतून आलेल्या त्याच्या पुस्तकांत कधी लेखकाचे नावच शाईने फासलेले दिसते, कधी परिच्छेदच्या परिच्छेद खोडलेले, तर कधी वर कागद चिकटवलेला. काही जण अशी प्रत ‘खराब’ म्हणून नाकारतात. मी तीच आधी मागवीन. तपासनीसाची लेखणी कुठे थांबली आणि कुठे चालली, हा वाचण्याजोगा दस्तऐवज आहे.

प्रोटेस्टंट बाजूला मारबुर्गचा आंद्रेआस हिपेरियस (१५५३) हा उपदेशशास्त्राची स्वतंत्र मांडणी करणाऱ्यांतला पहिला मोठा लेखक मानला जातो. त्याचे इंग्रजी भाषांतर १५७७ मध्ये निघाले. कॅथलिक बाजूला, उपदेश हे बिशपाचे मुख्य काम आहे असे सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बजावल्यावर हस्तपुस्तकांना ऊत आला. लुईस दे ग्रानादाचे चर्चच्या वक्तृत्वावरचे लॅटिन पुस्तक (लिस्बन, १५७६) त्यातले ठळक.

इंग्रजीत विल्यम पर्किन्स. त्याचे ‘प्रोफेतिका’ लॅटिनमध्ये १५९२ चे आणि टॉमस ट्यूकचे इंग्रजी भाषांतर, ‘दि आर्ट ऑफ प्रॉफेसाइंग’, १६०७ चे. प्युरिटनांची साधी, अलंकार टाळणारी उपदेशशैली इथून पुष्कळ काही घेते. इथे एक सूचना: पर्किन्सचे हे पुस्तक त्याच्या संकलित लेखनाच्या मोठ्या खंडांतही छापले गेले. खंडातून उसवून काढलेला भाग नव्या बांधणीत ‘स्वतंत्र पुस्तक’ म्हणून विकायला ठेवलेला असू शकतो. पान एकपासून सुरुवात होते का आणि स्वतःचे शीर्षकपान आहे का, हे बघितले की पितळ उघडे पडते.

जॉर्ज हर्बर्टचे ग्रामीण पाळकाचे चित्र, ‘अ प्रीस्ट टू द टेंपल’, तो गेल्यानंतर एकोणीस वर्षांनी, १६५२ मध्ये आले. जॉन विल्किन्स, जो पुढे रॉयल सोसायटीच्या संस्थापकांत होता, त्याचे उपदेशाच्या देणगीवरचे पुस्तक १६४६ चे. ते इतक्या वेळा पुन्हा छापले गेले की सतराव्या शतकातली एखादी उत्तरकालीन आवृत्ती नव्या संग्राहकालाही गाठता येते. सुरुवात करायला मी हेच सुचवतो. फ्रेंचमधून फेनेलोंचे वक्तृत्वावरचे संवाद (१७१८, मरणोत्तर) आणि ह्यूगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, झाँ क्लोद याचा उपदेशरचनेवरचा निबंध. क्लोदच्या निबंधाचे रॉबर्ट रॉबिन्सनने केलेले भाषांतर (केंब्रिज, १७७८–७९) एकदा तरी हाती धरावे. भाषांतरकाराच्या टिपा मूळ निबंधाला गिळून टाकतात आणि त्यातल्या कित्येक चक्क भांडखोर आहेत. पुढे चार्ल्स सिमियनने त्या टिपा बाजूला सारून निबंध सुटसुटीत केला आणि १७९६ मध्ये शंभर उपदेशांचे सांगाडे जोडून छापला.

एकोणिसाव्या शतकातली पुस्तके मिळायला सोपी, पण अवस्थेच्या बाबतीत फसवी. जॉन ब्रॉडस यांचे उपदेशाच्या तयारीवरचे पुस्तक (१८७०) अमेरिकन यादवीनंतरच्या एका वर्गातून आकाराला आले. त्या वर्गात एकच विद्यार्थी होता आणि तो अंध होता, म्हणून ब्रॉडसना सगळे तपशिलाने बोलून मांडावे लागले. १८९८ मध्ये डार्गन यांनी त्याची सुधारित आवृत्ती काढली, तेव्हा कोणती प्रत समोर आहे ते बघून घ्या. लंडनचा उपदेशक स्पर्जन याच्या ‘लेक्चर्स टू माय स्टुडंट्स’ची पहिली मालिका १८७५ ची, दुसरी १८७७ ची आणि दृष्टान्तांवरची तिसरी त्याच्या मृत्यूनंतर, १८९४ मध्ये आली. पहिल्याच वर्षांतले तिन्ही भाग जुळवणे हे नव्या माणसासाठी छान उद्दिष्ट आहे. फिलिप्स ब्रुक्सची येल विद्यापीठातली व्याख्याने १८७७ ची.

तिसरी पायरी: आधी कागदावर शिकार

पुस्तक समोर येण्याआधी ते पूर्ण असेल तर कसे असते, हे माहीत हवे. १५०० पर्यंतच्या मुद्रणासाठी ‘आयएसटीसी’ ही सूची आणि बर्लिनमध्ये चाललेली ‘गेझाम्टकाटालोग’ आहे, सोळाव्या शतकातल्या जर्मन भाषक प्रदेशांसाठी ‘व्हीडी १६’, आणि इंग्रजीसाठी १८०० पर्यंतची ‘ईएसटीसी’. सगळ्या युरोपचा एकत्र शोध घ्यायला ‘यूएसटीसी’ बरी. उपदेशकलेच्या लॅटिन ग्रंथांच्या खास याद्या हॅरी कॅप्लन आणि हेन्री किंग यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केल्या आणि नंतर इतर भाषांकडे वळले. त्या चाळताना ज्यांची नावे कुणी घेत नाही असे डझनावारी लेखक भेटतात. तिथेच तुमचा कोपरा सापडण्याची शक्यता जास्त.

मग त्या आवृत्तीची एखाद्या ग्रंथालयाने टाकलेली छायाप्रत उघडा आणि स्वतःची तपासयादी बनवा: शीर्षकपान, अर्पणपत्रिका, सूची, शुद्धिपत्र, शेवटचे कोरे पान. शुद्धिपत्र आणि कोरी पाने हीच आधी गळतात.

जुन्या शीर्षकपानांचा एक चकवा इथेच सांगतो. गावांची नावे लॅटिनमध्ये असतात. ‘आर्जेन्टिना’ किंवा ‘आर्जेन्टोरातुम’ म्हणजे स्ट्रासबुर्ग, ‘मोगुंतिया’ म्हणजे माइन्झ, ‘लुग्दुनुम’ म्हणजे ल्याँ, पण ‘लुग्दुनुम बातावोरुम’ म्हणजे लायडन. पंधराव्या शतकातले पुस्तक दक्षिण अमेरिकेत छापले गेले असे सांगणारी नोंद मी स्वतः वाचली आहे, तीही अगदी गंभीरपणे लिहिलेली. सालही रोमन आकड्यांत, आणि हजाराच्या जागी कधी एक सी, एक आय आणि एक उलटा सी अशी तीन अक्षरे. शिवाय इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखा बघताना एक वर्ष इकडचे तिकडे होऊ शकते. अगदी जुन्या पुस्तकांना शीर्षकपानच नसते. मुद्रक, गाव, साल हे सगळे शेवटी पुष्पिकेत, आपल्या पोथ्यांसारखे.

चौथी पायरी: प्रत हातात घेतल्यावर

इथे सावकाश जा. बाहेरून सुरुवात करू नका. सोनेरी ठशांची कातडी बांधणी दोनशे वर्षांनंतर चढवलेली असू शकते आणि आत तीन पाने गायब. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आधी ताव आणि फर्मे, म्हणजे ताव दुमडून एकत्र शिवलेले पानांचे गट. कागदाचा मोठा ताव एकदा दुमडला की फोलिओ, दोनदा दुमडला की क्वार्टो, तीनदा दुमडला की ऑक्टेव्हो. हाताने केलेला कागद उजेडासमोर धरला की त्यात दूरदूरच्या समांतर रेषा दिसतात. फोलिओमध्ये त्या उभ्या असतात आणि जलचिन्ह पानाच्या मध्याच्या आसपास. क्वार्टोत रेषा आडव्या आणि जलचिन्ह शिवणीच्या घडीत अडकलेले. ऑक्टेव्होत रेषा पुन्हा उभ्या आणि जलचिन्हाचा तुकडा वरच्या आतल्या कोपऱ्यात. एखादेच पान या नियमाविरुद्ध दिसले तर ते दुसऱ्या प्रतीतून आणून चिकटवलेले असू शकते. खिशातली छोटी बॅटरी पानामागे सपाट धरली की हे सगळे दिसते.

फर्म्याची पहिली काही पाने तळाशी अक्षर आणि आकड्याने खुणावलेली असतात. या खुणा क्रमाने वाचत जा. अक्षरे २३ च असतात: ‘आय’नंतर थेट ‘के’, ‘यू’ आणि ‘व्ही’ यांपैकी एकच, आणि ‘डब्ल्यू’ नाहीच. हे ठाऊक नसलेला माणूस प्रत्येक पुस्तकात फर्मे गहाळ झाल्याची बोंब ठोकतो. बऱ्याच पुस्तकांत पानाच्या तळाशी उजवीकडे पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असतो. तो पुढच्या पानाशी जुळतो का पाहा.

पृष्ठांकांवर मात्र विसंबू नका. खिळे जुळवणारे जुळारी दमलेले असत आणि आकडे चुकत. मी स्वतः सतराव्या शतकातले एक उपदेशशास्त्राचे पुस्तक परत केले, कारण मध्येच पृष्ठांक दहाने उडी मारत होते. महिन्याभराने त्याच आवृत्तीची ग्रंथालयातली प्रत पाहिली. तीच उडी, तिथेच. मूळ छपाईचीच चूक होती. तोवर विक्रेत्याने ती प्रत दुसऱ्याला दिली होती आणि दोष पूर्णपणे माझा होता. फर्म्यांच्या खुणा वाचल्या असत्या तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

त्यानंतर दुरुस्ती शोधा. हरवलेल्या पानांच्या जागी हुबेहूब नक्कल घालण्याची कला एकोणिसाव्या शतकात शिगेला पोहोचली होती. लंडनच्या जॉन हॅरिसने हाताने काढलेली पाने भल्याभल्यांना ओळखता येत नसत. शिशाच्या खिळ्यांनी छापलेल्या जुन्या पानाला मागच्या बाजूने बोट फिरवले की दाब जाणवतो. हाताने किंवा पुढे दगडावरून (शिळाछापाने) उतरवलेल्या पानाला तो नसतो. धुतलेला कागद मऊ, निर्जीव आणि संशयास्पद पांढरा असतो. धुलाईत समासातल्या जुन्या नोंदीही फिक्या होतात किंवा जातात, म्हणून मला अशी प्रत नको असते. अतिनील किरणांच्या छोट्या दिव्याखाली पुसलेली शाई आणि खोडलेले शिक्के पुष्कळदा उजळून दिसतात.

काय चालवून घ्यायचे? तांबूस ठिपके, समासातले पाण्याचे डाग, कसरीची जुनी भोके. लाकडी फळ्यांच्या बांधणीत किडे फळीतून पुस्तकात शिरतात, म्हणून भोके सुरुवातीला आणि शेवटी दाट असतात. काय चालवून घ्यायचे नाही? गहाळ मजकूर, नव्याने बांधताना वरून इतके कापलेले पान की शीर्षओळ अर्धी उडाली, ताजी बुरशी, आणि भोकांतून गळणारी बारीक पिवळसर पूड. पूड असेल तर कीड अजून जिवंत आहे.

आता खुणा. समासात काढलेला बोट दाखवणारा हात, अमुक उपदेश कुठे आणि कोणत्या तारखेला दिला याची नोंद, लेखकाशी असहमतीचा एखादा शब्द, मालकांच्या सह्यांची साखळी. बांधणीच्या आत चिकटवलेल्या जुन्या हस्तलिखिताच्या पट्ट्याही बघा. बांधणीकार रद्दी झालेले चर्मपत्र टाक्यांच्या आधारासाठी वापरत. आणि एकाच बांधणीत चार-पाच पुस्तके एकत्र शिवलेली मिळाली, तर ती कधीही वेगळी करू नका. कुणा एका उपदेशकाने आपल्या टेबलावर काय शेजारी शेजारी ठेवले होते ते त्यातून कळते. एकोणिसाव्या शतकात असे असंख्य गठ्ठे फोडून सुटे विकले गेले. सुटी पाने विकण्यासाठी पुस्तके फाडणारे आजही आहेत. त्यांच्याकडून पान घेतले की पुढचे पुस्तक फाडायला आपण हातभार लावला, असे मी धरतो.

पाचवी पायरी: खरेदी

जाणकार विक्रेत्याकडून घेतलेले महाग पडते पण परत करता येते. लिलावात स्वस्त पडू शकते, मात्र हातोडा पडलेल्या रकमेवर खरेदीदाराचे शुल्क चढते. ते २५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्तही असते, म्हणून आपली मर्यादा ते धरूनच ठरवा. वर्णनात ‘सर्व दोषांसह’ अशी अट असेल तर परतीचा रस्ता बंद. वर्णनातले परवलीचे शब्द ओळखायला शिका. ‘रीबॅक्ड’ म्हणजे कणा नवा चढवला आहे, ‘वॉन्टिंग’ किंवा ‘लॅकिंग’ म्हणजे काहीतरी नाही, ‘मेड-अप’ म्हणजे दोन प्रती एकत्र करून बनवलेली. ‘वयाच्या मानाने उत्तम’ याला काहीच अर्थ नाही.

फोटो मागताना पाच ठरावीक मागा: शीर्षकपान, शेवटचे पान, पुढच्या पुठ्ठ्याची आतली बाजू, कणा, आणि पुस्तकाच्या मधोमध कोणतीही दोन समोरासमोरची पाने. टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका.

या विषयातला खरा झरा वेगळाच आहे. धर्मशिक्षणाच्या संस्था बंद होतात, एकमेकींत विलीन होतात, ग्रंथालये आवरतात, निवृत्त पाळकांचे संग्रह एकगठ्ठा बाहेर पडतात. अशा वेळी सामान्य जुन्या पुस्तकांच्या ढिगात, ‘धर्म, किरकोळ’ अशा शीर्षकाखाली, बिनकण्याचे क्लोद किंवा विल्किन्स सापडू शकते. विक्रेत्यालाही या विषयाची ओढ क्वचितच असते. कायदा, वैद्यक, प्रवास यांच्यासमोर उपदेशशास्त्र हे सावत्र मूल. त्याचा फायदा घ्या.

सहावी पायरी: पुस्तक कुठून आले?

१७७३ मध्ये जेझुइट संघ विसर्जित झाला, १७८९ पासून फ्रान्समध्ये चर्चची मालमत्ता जप्त झाली, १८०३ च्या सुमारास बव्हेरियातले मठ बंद करून त्यांची पुस्तके सरकारी ग्रंथालयांत आली आणि दुबार प्रती विकल्या गेल्या. म्हणून मठाचा शिक्का असला की चोरीचा माल, असे समीकरण नाही. ग्रंथालयाच्या शिक्क्यासोबत ‘दुबार’ किंवा ‘रद्द’ असा दुसरा शिक्का आहे का, ते पाहा. शिक्का खरवडलेला असेल, तो भाग कापून ठिगळ लावले असेल, तर मात्र पुस्तक खाली ठेवा.

धार्मिक ग्रंथालयांची लूट ही जुनी गोष्ट नाही. नेपल्सच्या जिरोलामिनी या धर्मसंघाच्या ग्रंथालयातून हजारो पुस्तके गेल्याचे २०१२ मध्ये उघडकीस आले आणि चोर निघाला खुद्द ग्रंथालयाचा संचालक, मारिनो मास्सिमो दे कारो. २०१३ मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. आंतरराष्ट्रीय ग्रंथविक्रेता संघाची चोरीला गेलेल्या पुस्तकांची यादी आहे. मोठ्या खरेदीआधी ती बघणे पाच मिनिटांचे काम. काही देशांतून ठरावीक वयाहून जुने पुस्तक बाहेर न्यायला परवाना लागतो. तो काढणे विक्रेत्याचे काम, पण त्याची प्रत मागून जपून ठेवणे तुमचे.

सातवी पायरी: घरात आणल्यावर

नवे पुस्तक पहिले काही आठवडे इतरांपासून दूर ठेवा. कीड जिवंत असल्याचा संशय आला तर ते प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांत दोन आठवडे ठेवायचे, मग पिशवी न उघडता हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचे. मौल्यवान चर्मपत्राची किंवा लाकडी फळ्यांची बांधणी असेल तर हा प्रयोग जतनतज्ज्ञाला विचारूनच करा.

तापमान १६ ते २० अंश, सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के, आणि दोन्हींत फार चढउतार नको. आर्द्रता ६५ च्या वर टिकली की बुरशी धरते. फोलिओ आडवे, बाकीची उभी, फार दाबून नाही. पुस्तक ओढताना कण्याच्या माथ्याला बोट घालू नका, दोन्ही बाजूंची पुस्तके मागे ढकलून मधले धरा. हातमोज्यांची गरज नाही. त्यांनी स्पर्श बोथट होतो आणि पाने फाटतात. धुऊन कोरडे केलेले हात पुरेत. जुन्या कातड्याला तेल-मलम चोळण्याची पद्धत जतनतज्ज्ञांनी आता सोडली आहे. तांबडी भुकटी सोडणारे कातडे असेल तर पेटी करून घ्या. चिकटपट्टी कधीच नाही.

स्पर्जनच्या काळातल्या पुस्तकांची काळजी खरे तर ऑगस्टिनच्या जुन्या आवृत्तीपेक्षा जास्त घ्यावी लागते. पंधराव्या शतकातला चिंध्यांचा कागद आजही खणखणीत वाजतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे तपकिरी होऊन कोपऱ्यावर तुटतो. अशा पुस्तकांना आम्लमुक्त पेटी आणि अंधार द्या, आणि वाचायला दुसरी साधी प्रत ठेवा.

आठवी पायरी: नोंद

प्रत्येक पुस्तकामागे एक पान: कधी, कुणाकडून, किती रकमेला, सूचीतला क्रमांक, फर्म्यांची तपासणी, काय गहाळ, कोणत्या सह्या आणि नोंदी. बिले वेगळ्या ठिकाणी. समासातल्या नोंदींची छायाचित्रे काढून त्यांचे वाचन उतरवून ठेवा. जुने हस्ताक्षर एका बैठकीत लागत नाही, पण महिन्याभराने तेच पान पुन्हा काढले की अडलेला शब्द सुटतो. माझ्याकडच्या एका प्रतीत पुठ्ठ्याच्या आत ओळीने तारखा आहेत आणि दर तारखेपुढे एकेक अक्षर. त्या अक्षराचा अर्थ मला दोन वर्षे लागला नाही. शेवटी शेजारच्या पानांशी ताडून पाहिल्यावर उलगडले: त्या त्या दिवशी पुस्तकातला कोणता नियम त्याने मोडला, ते तो लिहून ठेवत होता.